वेलीत चपला चालत नाहीत

"ती घरचीच आहे. तू तुझी पानं लाव."

हे मला हर्षल म्हणाला. दिवसाढवळ्या, शेडमधल्या सगळ्या बायकांसमोर. तीन वर्षं ज्याच्याशी माझं चालू होतं, तो हर्षल.

वटारला त्यांची वाडी आहे. केळी, नारळ आणि मधोमध विड्याच्या पानांची वेल, म्हणजे पानमळा, नारळाच्या विणलेल्या झापांच्या कुंपणात. मी तिथं पानं लावायच्या, म्हणजे निवडून रचायच्या कामाला होते. त्या दिवशी अकराच्या सुमाराला गाडी आली. हर्षल उतरला. मागून एक मुलगी उतरली. पिवळा ड्रेस, मोकळे केस, पायात टाचेच्या सँडल. दोघं सरळ वेलीकडे गेली. त्यानं फाटक उघडलं आणि ती आत गेली. सँडल घालून.

माझ्या तोंडून आपोआप निघालं. सवयच होती. "मॅडम, चपला काढा. वेलीत चपला चालत नाहीत."

ती दचकली. एक पाय उचलून तशीच उभी राहिली. "अय्या, सॉरी. हर्षु, काढायच्या असतात का?"

हर्षु.

तेव्हा तो वळला आणि ते वाक्य बोलला. रागानं बोलला असता तरी चाललं असतं. तो माशी हाकलावी तसा बोलला. ओटीवरून त्याची आई हसली. आम्ही सगळ्या तिला काकी म्हणतो. "असू दे गो, आजकालच्या मुली. जा आत, बघ आपली वेल." मग आवाज बदलून मला, "आणि तू कुंपणाला हात लावून उभी राहू नकोस. किती वेळा सांगायचं?"

मी हात काढला. हो, काढला. नवऱ्यासारखा मानलेला माणूस दुसरीला आत घेऊन गेला आणि मी काकीचं ऐकून कुंपणावरचा हात काढला. याची लाज मला त्यानं जे केलं त्यापेक्षा जास्त वाटते.

शेडमध्ये येऊन बसले. शेजारी शोभाताई होती, नालासोपाऱ्याहून येते, दोन मुलांची आई. ती हळूच म्हणाली, "रविवारी साखरपुडा झाला ना त्याचा. चंदनसारची मुलगी आहे, बँकेत आहे. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. पण त्या साखरपुड्याची पानं मी निवडली होती.

आदल्या गुरुवारी हर्षल माझ्याकडे आला होता. "मामेबहिणीचा साखरपुडा आहे. अकरा जोड्या काढ, एक पण डाग नको." मी एकेक पान उजेडाला धरून बघितलं. देठ सारखे केले. ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. तो म्हणाला, "तुझ्या हातची पानं तिथं असणार, म्हणजे तू आलीसच असं समज." मी लाजले. लाजले मी. आता आठवलं की स्वतःच्या कानशिलात दोन द्याव्यात असं वाटतं.

आमचं गाव पूर्वेला, खाडीकाठी. बापाचं आयुष्य मिठागरात गेलं. त्याच्या तळपायाला अशा भेगा आहेत की त्यात नाणं उभं राहील. मी बारावी झाले, घरी बसून काय करणार, म्हणून ओळखीतून वटारच्या वाडीत लागले. दोन रिक्षा बदलून जायचे.

पहिल्याच दिवशी काकीनं नियम सांगितले. वेलीत चपला नाहीत. परक्या बाईनं फाटकाच्या आत जायचं नाही. पाळीच्या दिवसांत शेडमध्येही पाय ठेवायचा नाही. नाहीतर वेल जळते, मुळापासून. पानं गडी आतून खुडून आणणार, आम्ही बाहेर बसून लावणार. मोठं पान वेगळं, डागी वेगळं, चळत करून केळीच्या पानात बांधायचं, करंडीत भरायचं. खुडलेल्या पानाला माझा हात चालायचा. तेच पान पुढं देवासमोर जायचं. वेलीला मात्र माझी सावली नको. यात काही चुकतंय हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

का नाही आलं, ते सांगते. आमच्या मिठागरात पण चपला घालून कोणी उतरत नाही. मीठ काळं पडतं. लहानपणापासून मी ते बघत आले. म्हणून वाडीतला नियम मला लगेच पटला. मला वाटलं, जसं मीठ तशी वेल. घरी येऊन बापाला कौतुकानं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर हाय. आपल्या आगरात शेट पन अनवानी उतरतो." पुढचं मी ऐकलंच नाही. शेट पण, हे तो म्हणाला होता. माझं लक्ष फक्त अनवाणी या शब्दाकडे गेलं.

हर्षल कुंपणाच्या आत असायचा, मी बाहेर. असंच बोलणं सुरू झालं. पाट बघायला यायचा आणि झापांच्या फटीतून विचारायचा, "बारावी झालेली मुलगी पानं लावत बसते?" त्यानं मला बाहेरून पदवीचा फॉर्म भरून दिला. पुस्तकं आणून दिली. एकदा कुंपणावरून कोवळं पान दिलं, "हे करंडीत टाकू नको, खा." मी ते खाल्लं नाही. वहीत ठेवलं. काळं पडलं तरी ठेवलं.

वाडीच्या टोकाला बावखल आहे, म्हणजे जुनं तळं, प्रत्येक वाडीत असायचं तसं. त्याच्या काठावर पंपाची खोली. दुपारी बायका डबे सोडायच्या तेव्हा मी त्या खोलीमागे जायचे. तो यायचा. मी त्याला एकदा विचारलं, "आत कसं असतं रे?"

"गार. बोलू नये असं वाटतं."

"मला बघायचंय."

"एक दिवस मीच नेईन तुला. हाताला धरून."

"कधी?"

"वेळ आली की."

बस. एवढंच तो बोलला होता. लग्न हा शब्द त्याच्या तोंडात एकदाही आला नाही. तो मी जोडला. परक्या बाईला आत मनाई आहे, मला आत नेणार म्हणजे मी परकी राहणार नाही, म्हणजे लग्न. इतकं साधं गणित मी तीन वर्षं मांडून ठेवलं आणि त्याला कधी दाखवलंसुद्धा नाही. भीती होती. दाखवलं आणि तो हसला तर?

सगळ्यांसमोर मी त्याला हर्षलदादा म्हणायचे. सगळ्याच म्हणायच्या. दोन वाजता जो माझ्या केसांतून हात फिरवायचा, त्याला चार वाजता म्हणायचे, "दादा, करंड्या उचलायला माणूस पाठवा." त्याला गंमत वाटायची. मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू.

पाळीचे चार दिवस मी घरी. फोनवर "आज नाही" लिहायचे. तो "ओके, काळजी घे" लिहायचा आणि मग चार दिवस गप्प. रस्त्यात दिसला तरी मान फिरवायचा. मी काय समजावं? मी समजले, किती श्रद्धेचा माणूस आहे हा. वेलीला इतकं जपतो, मला किती जपेल. मैत्रिणींचे मित्र बघितले की मला त्यांची कीव यायची.

आईला वास लागला होता. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांच्या घरात तुला पानी तरी इचारतात का गो?"

"विचारतात. काकी स्वतः आणून देते."

साफ खोटं. शेडला नळ होता, आम्ही त्याचंच प्यायचो. ओटीची पायरी मी कधी चढले नव्हते. पण आईला सांगताना मला काकीच्या हातातला तांब्या डोळ्यांसमोर दिसला. म्हणजे खोटं मी फक्त आईशी बोलत नव्हते.

आणि एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, ती टाळली तर बाकीच्या सांगण्याला अर्थ नाही. शोभाताई नवीन होती तेव्हाची. वारा सुटला, तिची ओढणी उडून कुंपणाच्या आत पडली. ती पटकन आत गेली, ओढणी उचलली, बाहेर आली. पायात चपला. मी तिच्या अंगावर धावून गेले. "अक्कल आहे का? वेल जळेल ना." तेवढ्यावर थांबले नाही. जाऊन काकीला सांगितलं. काकीनं तिला सगळ्यांसमोर फाटक धुवायला लावलं, वर गोमूत्र शिंपडायला लावलं. ती रडत रडत शिंपडत होती. मी बघत होते आणि मला बरं वाटत होतं. वाटत होतं, मी या घराची वेल राखली. मी जवळजवळ घरचीच.

संध्याकाळी शोभाताईनं मला एवढंच विचारलं होतं, "पोरी, तू कधी आत गेलीस का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग ठीक आहे." त्या ठीक आहेचा अर्थ मला कळला नव्हता.

आता त्या पिवळ्या ड्रेसवालीकडे येते. तिच्यावर मी जळले. शब्द बदलणार नाही. दुःख झालं, धक्का बसला, असलं काही नाही. जळले. तिनं वेलीतले फोटो टाकले होते. अकाउंट उघडं होतं, शोधायला मला पाच मिनिटं लागली नाहीत. माझं कामाला जाणं, जेवण, अभ्यास सगळं त्या फोटोंच्या मधे मधे व्हायला लागलं. तिचा चेहरा मी फार बघितला नाही. पाय बघितले. फोटो मोठा करून करून तिचे पाय बघितले. सँडल बदामी रंगाच्या, बाजूला लहान बक्कल, उजव्या टाचेला वेलीतली ओली माती लागलेली. तीन वर्षं मला त्या मातीची परवानगी नव्हती आणि हिनं ती टाचेला लावून गाडीत नेली.

हर्षलच्या खांद्यावर तिचा हात होता, त्याचं काही नाही. ती आत होती, त्याचं होतं.

विरारच्या बाजारात जाऊन मी तसल्याच सँडल घेतल्या. घरात घालून बघितल्या. शेणानं सारवलेल्या ओसरीवर दोन पावलं चालले आणि घोटा मुरगळला. आईनं सँडल उचलून माळ्यावर टाकल्या.

पण खरा वेडेपणा पुढं आहे. मी वेल जळायची वाट बघायला लागले.

नियम मला तोंडपाठ होता. चपला गेल्या, परकी बाई गेली, आता वेल जळणार. जळायलाच पाहिजे. मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि झापांच्या फटीला डोळा लावायचे. पिवळं पान दिसतंय का. शेंडा मान टाकतोय का. देवाला म्हणायचे, सगळी वेल जाऊ दे, काकी कपाळ बडवून घेऊ दे, मग त्यांना कळेल कोण पाळत होतं आणि कोणी मोडलं. आठ दिवस मी हे केलं. नवव्या दिवशी ती जिथं उभी राहून फोटो काढत होती, नेमक्या त्या जागी वेलीला कोवळी पालवी आली होती. पोपटी, चकचकीत.

वेलीला काहीच झालं नव्हतं. तिला चपला कळत नव्हत्या. तिला पाळी कळत नव्हती, परकी कळत नव्हती. मग हे सगळं कळत कुणाला होतं? मी पहिल्यांदा हा प्रश्न स्वतःला विचारला आणि फटीवरचा डोळा काढून घेतला.

त्या दुपारी मीच हर्षलला पंपाच्या खोलीमागे बोलावलं. तो आला. नेहमीसारखाच आला, हातात दोन शहाळी घेऊन.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. तुला त्रास होईल म्हणून थांबलो."

"माझ्याकडून पानं निवडून घेतलीस."

"तुझ्याइतकी चांगली कोण निवडतं?" हे त्यानं मनापासून म्हटलं. तो मला खरंच शाबासकी देत होता.

"लग्न माझ्याशी करायचं होतं ना?"

त्यानं शहाळी खाली ठेवली. "मी असं कधी म्हणालो?" मग आवाज खाली आणून, "आपल्यात ते होणार नाही हे तुला पण माहीत होतं. आई विष खाईल. पण आपलं काय बदलतंय? तू इथंच असणार, मी इथंच असणार."

खोटं नव्हतं ते. त्यानं लग्न म्हटलं नव्हतं. आणि होणार नाही हे मला माहीत होतं का? होतं. कुठंतरी खोल होतं, ज्या दिवशी आईला पाण्याचं खोटं सांगितलं त्या दिवसापासून होतं. त्यानं मला फसवलं हे खरं. पण त्याच्या फसवणुकीला रोज पाणी घालून मी जगवलं.

मी रडले नाही म्हणून तो घाबरला असावा. माझा हात धरला. "चल," म्हणाला. "तुला बघायचं होतं ना? आई देवळात गेलीय, गडी जेवायला बसलेत. चल, आत नेतो."

तो मला फाटकापर्यंत घेऊन गेला. हाताला धरून. जसं म्हणाला होता अगदी तसं. फाटक उघडलं. आतून गार हवा आली, तो सांगायचा तशीच. खरं सांगते, त्या क्षणी मी सगळं माफ केलं होतं. ती मुलगी, साखरपुडा, सगळं. म्हटलं, ती असेल तर असू दे, मला पण नेलं ना.

तो म्हणाला, "फक्त चपला काढ."

आणि मी काढली. एक चप्पल काढली, पाय मातीवर ठेवला. दुसरी काढायला वाकले, तेव्हा माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. त्यानं बूट घातले होते.

मी वाकलेलीच विचारलं, "तिनं काढल्या होत्या?"

"तिचं वेगळं आहे."

"तुझं?"

"अगं, माझीच वाडी आहे."

बाप म्हणाला होता, शेट पण अनवाणी उतरतो. ते तेव्हा ऐकू आलं, इतक्या वर्षांनी. मिठागरातला नियम मिठासाठी होता, म्हणून सगळ्यांना होता. इथला नियम माझ्यासाठी होता. हर्षलला जात म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तो वेल म्हणत होता. आणि मला जात ऐकायची हिंमत नव्हती, म्हणून मी पण वेलच म्हणत होते.

मी त्याच्या हातातून हात सोडवला. काढलेली चप्पल पुन्हा घातली. "नको," म्हटलं.

"आता काय झालं?"

"नको. चोरून नको."

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर कामाला गेले. अकरा वाजता चहा झाला. शेडमध्ये सगळ्या होत्या, गडी करंड्या बांधत होते, काकी ओटीवर शेंगा सोलत होती, हर्षल गाडी पुसत होता. मी उठले. माझ्या रोजच्या रबरी चपला पायात घातल्या आणि फाटक उघडून वेलीत शिरले. त्या दिवशी माझी पाळी होती. तेही मुद्दाम सांगते.

काकीच्या हातातली परात पडली. "अगो बाहेर हो! जळेल ना सगळं."

मी थांबले. मागं वळून म्हटलं, "काकी, सुनेच्या सँडलनं नाही जळली. माझ्या चपलेनं जळली तर निरोप धाडा, बघायला येईन."

काकी ओरडली, "हर्षल, बघतोस काय, ओढ तिला बाहेर."

तो दोन पावलं आला. मी म्हटलं, "ये ना, हर्षल. काल तर हाताला धरून आणत होतास."

नुसतं हर्षल. दादा नाही. सगळ्यांसमोर पहिल्यांदा. तो जिथं होता तिथंच राहिला. त्यानं खिशातून फोन काढला आणि त्यात बघायला लागला. फोन वाजला नव्हता.

मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. पळाले नाही. एका पानाला हात लावला नाही, एक शेंडा मोडला नाही. आत गार होतं हे खरं. बाकी काही नव्हतं. काठ्या होत्या, वेली होत्या, ठिबकच्या नळ्या होत्या, एक फाटकं पोतं पडलं होतं. यासाठी मी तीन वर्षं बाहेर उभी होते. पलीकडच्या फाटकातून बाहेर पडले, वाडीतून रस्त्यावर आले. चपलेला माती लागली होती. झटकली आणि रिक्षात बसले.

चार दिवसांनी शोभाताईचा फोन आला. तिनंही काम सोडलं होतं. मी तिच्याशी फाटक धुतल्याच्या दिवसाबद्दल बोलले. माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "करीन. लगेच नाही होणार." मी म्हटलं, "चालेल." तिनंच मला आता जिथं आहे ते फुलांच्या पॅकिंगचं काम बघून दिलं.

त्या मुलीला मी काही सांगितलं नाही. मोठेपणा नाही तो. फोन हातात घेऊन चार वेळा मजकूर लिहिला. प्रत्येक वेळी वाचला तेव्हा कळलं की मी तिला वाचवायला लिहीत नाहीये, त्याला परत मिळवायला लिहितेय. म्हणून पुसला. तिनं विचारलं तर एक शब्द लपवणार नाही. लग्न झालं त्यांचं. फोटो मी बघितले. जळले. आजही जळते, कमी झालंय असं सांगणार नाही.

नव्या जागी पहिल्या दिवशी दारातच मालक म्हणाला, "चपला बाहेर काढायच्या."

मी काढल्या नाहीत. विचारलं, "सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी म्हणजे?"

"तुम्ही, तुमच्या घरचे, पाहुणे. सगळ्यांनी का?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं त्याचे बूट होते, शेजारी त्याच्या बायकोच्या चपला होत्या. तो मोज्यांवर उभा होता. मग मी काढल्या.

आता मी कुठंही हेच विचारते. कामाच्या जागी विचारते, देवळात विचारते. उद्या कोणी पुरुष मला म्हणाला, थांब, वेळ आली की आत नेईन, तर त्यालाही पहिलं हेच विचारणार. सगळ्यांना थांबवतोस का? आणि त्यानं "तिचं वेगळं आहे" म्हटलं, तर त्याचं पुढचं वाक्य ऐकायला मी तिथं नसेन.